शालेय क्रीडा स्पर्धा: पात्रतेचे कागद, वयाचं गणित आणि मैदानावरची वागणूक

ऑगस्टमध्ये तालुक्याच्या मैदानावर एखादा खेळाडू बाद ठरतो, पण चूक बहुधा जूनमध्येच झालेली असते. कुणी जन्मतारीख ताडून पाहिलेली नसते, निर्गम उतारा (शाळेच्या जनरल रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल) काढायला उशीर झालेला असतो, नाहीतर गेल्या वर्षीचीच यादी तशीच पुढे पाठवलेली असते. वर्षभर पहाटे उठून केलेला सराव एका कागदापायी वाया जातो आणि त्यात त्या पोराचा काडीचाही दोष नसतो. मला याची फार चीड येते. म्हणून पालक आणि नव्याने रुजू झालेले क्रीडा शिक्षक, दोघांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

समोर ठेवल्या आहेत त्या महाराष्ट्रात क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धा. गोव्यात किंवा इतर राज्यांत कार्यालयांची नावं वेगळी असतील, पण राष्ट्रीय पातळीवर सगळे भारतीय शालेय खेळ महासंघाच्या छत्राखाली येतात. त्यामुळे वयाचा भाग तिथल्या मराठी घरांनाही कामाचा आहे.

पायरी १: आपण कुठून खेळणार ते नक्की करा

तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय, असे टप्पे आहेत. महसुली विभाग सहा असले तरी खेळाचे विभाग आठ आहेत. कोल्हापूर आणि लातूर इथे वेगळे मोजतात. महानगरपालिका हद्दीतल्या शाळांच्या स्पर्धा मनपा पातळीवर होतात आणि तिथला विजेता थेट विभागाला जातो. यात मुलाचं घर कुठे आहे याला अर्थ नाही, शाळा कुठे आहे ते पाहिलं जातं. खेड्यातून रोज एसटीने शहरात शिकायला येणारी मुलगी शहराकडूनच खेळेल.

सीबीएसई शाळांतल्या पालकांनी इथे नीट लक्ष द्यावं. सीबीएसईच्या स्वतःच्या स्पर्धा असतात आणि राष्ट्रीय शालेय स्पर्धेत सीबीएसई हा स्वतंत्र संघ म्हणून उतरतो. केंद्रीय विद्यालय आणि नवोदय विद्यालयांचंही तसंच. म्हणजे तुमच्या मुलासमोर दोन दारं उघडी असू शकतात, पण एका वर्षी एकाच खेळात राष्ट्रीय पातळीवर दोन संघांकडून खेळता येत नाही. जूनमध्येच शाळेत बसून ठरवा. दोन्हीकडे नाव घालून ठेवू, जिकडे जमेल तिकडे जाऊ, असा विचार बरेच जण करतात आणि राज्य पातळी पार केल्यावर अडकतात.

पायरी २: वयाचं गणित

सर्वाधिक घोळ इथेच होतो. गट तीन आहेत: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. वय मोजतात ते त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला. स्पर्धेच्या दिवशीचं वय विचारात घेत नाहीत. २०२५-२६ च्या हंगामासाठी १४ वर्षांखालील गटात १ जानेवारी २०१२ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली मुलं बसतात, १७ साठी १ जानेवारी २००९ आणि १९ साठी १ जानेवारी २००७. पाठ करायची सोपी रीत अशी: हंगाम ज्या वर्षी सुरू होतो त्या वर्षातून १३, १६ आणि १८ वजा करायचे. जे वर्ष येईल त्याच्या १ जानेवारीला किंवा नंतर जन्मलेला खेळाडू चालतो.

आता एक उदाहरण घ्या. मुलाचा जन्म २८ डिसेंबर २०११ चा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तालुक्याला तो उतरेल तेव्हा त्याचं वय १३ वर्षं आणि काही महिने असेल. आई म्हणणार, माझा मुलगा अजून तेराचा आहे, मग चौदाखालील गटात का नाही? कारण ३१ डिसेंबर २०२५ ला तो १४ पूर्ण करून तीन दिवस झालेले असतील. अख्खं वर्ष तो १७ च्या गटात खेळेल. डिसेंबरच्या मुलांना हे कडू लागतं आणि त्यांना ते आधीच समजावून सांगणं ही शिक्षकाची जबाबदारी आहे. मैदानावर कळलं तर मूल कोसळतं.

लहान वयाच्या चांगल्या खेळाडूला वरच्या गटात उतरवायचा मोह होतो. काही खेळांत तसं चालतं, पण एका वर्षी एका खेळात एकाच वयोगटातून खेळायचं, हे धरूनच चाला. खालच्या गटात हरल्यावर वरच्या गटात नाव घालू, असं होत नाही.

त्या त्या खेळाच्या महासंघांच्या, खेलो इंडियाच्या किंवा फुटबॉलच्या सुब्रतो चषकासारख्या स्पर्धांच्या वयाच्या अटी वेगळ्या असतात. शालेय स्पर्धेचं गणित तिकडे लावू नका. प्रत्येक स्पर्धेचं परिपत्रक स्वतंत्र वाचा.

पायरी ३: कागदांची फाईल

प्रत्येक खेळाडूची एक वेगळी फाईल करा आणि ती जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पूर्ण करा. त्यात जन्मदाखला, इयत्ता पहिलीचा निर्गम उतारा, आधार कार्ड, चालू वर्षाचा बोनाफाईड, अलीकडचे फोटो आणि मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं पात्रता प्रमाणपत्र हवं. फोटोवर शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर पडलेला असावा. व्हाइटनर, खाडाखोड, वरून गिरवलेला आकडा यातलं काही दिसलं की तपासणारा अधिकारी पुढचा कागद पाहतच नाही.

निर्गम उतारा पहिलीचा का मागतात, हे लोकांना कोडं वाटतं. सहा वर्षांच्या मुलाला शाळेत घालताना त्याच्या कबड्डीचा विचार कुणी करत नाही. त्या वेळी जनरल रजिस्टरात पडलेली तारीख म्हणून जास्त विश्वासाची. मुलाने मध्ये शाळा बदलली असेल तर पहिलीच्या शाळेतून हा उतारा आणावा लागतो. ती शाळा दोन तालुके पलीकडे असेल तर एक पूर्ण दिवस मोडतो. शाळेला सुट्टी लागायच्या आत, म्हणजे एप्रिलमध्येच तो आणून ठेवलात तर उत्तम.

जन्मदाखल्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी आणि वर्ष उलटल्यावर ती करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखल्यावर जन्मतारखेइतकीच नोंदणीची तारीखही पाहतात. मूल बारा वर्षांचं झाल्यावर नोंद केली असेल तर प्रश्न विचारले जाणारच. अशा वेळी आदेशाची प्रत दाखल्याला जोडून ठेवा.

आणि ती १ जून! जन्माची नोंद नसलेल्या मुलांची तारीख शाळेत १ जून टाकायची, ही रीत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालली. ऊसतोड कामगारांच्या, वीटभट्टीवरच्या कुटुंबांतल्या मुलांच्या कागदांवर ती आजही दिसते. शाळेत १ जून, दवाखान्याच्या नोंदीत भलतीच तारीख आणि आधारवर तिसरीच. ही मुलं बहुतेक वेळा मैदानावर सर्वांत चपळ असतात आणि कागदावर सर्वांत आधी अडतात. दुरुस्ती होते. माध्यमिक शाळा संहितेनुसार मूल शाळेत शिकत असेपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यांच्या लेखी मंजुरीने जनरल रजिस्टरातली नोंद सुधारता येते. शाळा सोडल्यावर ते फार अवघड होऊन बसतं. म्हणून हे काम पाचवी-सहावीतच करून घ्या. आधी जन्मदाखला, त्यावरून शाळेची नोंद, मग आधार, या क्रमाने गेलात तर हेलपाटे कमी होतात.

नावाचंही तसंच. आधारवर मधलं नाव वडिलांचं आणि शाळेत नुसतं आद्याक्षर, किंवा इंग्रजीत वैष्णवीचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं. तालुक्याला चालून जातं, राष्ट्रीय स्पर्धेच्या ऑनलाइन नोंदणीत चालत नाही. फाईल तयार झाली की सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

पायरी ४: मूल खरोखर त्या शाळेचं आहे का

खेळाडू त्या शाळेचा किंवा कनिष्ठ महाविद्यालयाचा नियमित विद्यार्थी असावा लागतो, बारावीपर्यंतचा. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणारा विद्यार्थी नियमित धरला जात नाही. शाळा बदलली असेल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि नव्या शाळेतली प्रवेशाची तारीख दोन्ही तयार ठेवा. ज्या वर्षी एका शाळेकडून खेळला, त्याच वर्षी त्याच खेळात दुसऱ्या शाळेकडून उतरवू नका.

नावापुरता प्रवेश, हा आपल्याकडचा जुना रोग आहे. चांगला धावपटू अकादमीत राहतो, सराव तिथेच करतो आणि हजेरीपटावर नाव तेवढं शाळेचं. शाळेला ढाल मिळते, मुलाला काय मिळतं? दहावीला बसताना ७५ टक्के हजेरीची अट आडवी येते तेव्हा ना अकादमी धावून येते ना ती शाळा. शिबिर किंवा स्पर्धेसाठी मूल खरंच बाहेर असेल तर त्याची परवानगी, पत्र आणि हजेरीपटावरची नोंद त्याच आठवड्यात करून घ्या. स्पर्धा बोर्डाच्या परीक्षेच्या तारखांत येत असेल तर सीबीएसईमध्ये राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय खेळाडूंना वेगळी तारीख मिळण्याची सोय आहे. तिचा अर्ज शाळेमार्फत आणि वेळेत करावा लागतो.

पायरी ५: वय चोरण्याबद्दल

क्रीडा मंत्रालयाने २०१० साली वयचोरीविरुद्धची राष्ट्रीय संहिता आणली. पहिल्यांदा सापडला तर दोन वर्षांची बंदी, दुसऱ्यांदा सापडला तर आजन्म बंदी आणि पोलिसांत गुन्हा, अशी तिच्यात तरतूद आहे. ती आणखी कडक करण्यासाठी २०२५ मध्ये मंत्रालयाने नवा मसुदा लोकांसमोर ठेवला. संशय आला की वैद्यकीय तपासणी होते. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांची वाढ कुठवर आली ते पाहतात. क्रिकेटमध्येही हीच रीत वापरतात. वाढीच्या वयात हाडांच्या टोकाला कूर्चेची पट्टी असते, वय वाढतं तशी ती भरत जाते. हा अंदाज असतो, त्यामुळे खरं वय आणि हाडांचं वय यात थोडा फरक पडू शकतो. म्हणूनच ज्याचे कागद खरे आणि जुने आहेत त्याने घाबरायचं कारण नाही. निकाल विरुद्ध गेला तर दाद मागता येते.

दोन वर्षं वय कमी करून चौदाखालीलमध्ये सोनं आणलेला मुलगा एकोणिसाव्या वर्षी खऱ्या बरोबरीच्यांसमोर उभा राहतो तेव्हा त्याच्याकडे ना तंत्र असतं ना ताकदीचा फायदा. आणि ज्या मुलाची जागा त्याने घेतली तो केव्हाच खेळ सोडून गेलेला असतो. कुणी शिक्षकाने किंवा प्रशिक्षकाने "तारखेचं बघून घेऊ" म्हटलं, तर पालकांनी तिथल्या तिथे नाही म्हणावं.

पायरी ६: प्रवेशिका भरताना

प्रवेशिका आता ऑनलाइन भरतात आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाने दिलेली मुदत सहसा वाढत नाही. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ रडतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. चार दिवस आधी भरून मोकळे व्हा. भरलेल्या प्रवेशिकेची छापील प्रत सही-शिक्क्यासह फाईलला लावा. मैदानी स्पर्धेत एका खेळाडूला साधारणपणे दोन वैयक्तिक बाबी आणि रिले एवढंच घेता येतं. दोन्ही बाबींच्या वेळा एकमेकींवर येतील का, हे नाव भरण्याआधी पाहा. सांघिक खेळात राखीव खेळाडूंची नावंही विचार करून द्या, कारण यादीबाहेरचं मूल ऐनवेळी उतरवता येत नाही. सांघिक खेळात राज्य पातळीपर्यंत विजेत्या शाळेचाच संघ जातो. राष्ट्रीयला जाणारा महाराष्ट्राचा संघ निवड चाचणीतून होतो. हे आधी सांगितलेलं असलं की राज्य जिंकूनही एखादंच मूल पुढे गेलं तर बाकीच्यांना फसवल्यासारखं वाटत नाही.

पायरी ७: मैदानावर

कबड्डीचा सामना सुरू होण्याआधी पंच खेळाडूंना ओळीत उभे करतात आणि हात पुढे करायला लावतात. नखं वाढलेली दिसली की बाजूला. अंगाला तेल किंवा कुठलाही चिकट-निसरडा पदार्थ लावलेला चालत नाही. अंगठी, बाळी, गळ्यातला ताईत काढावा लागतो. मनगटातला काळा दोरा काढायला कित्येक घरांत विरोध होतो. आजीला समजावण्याचं काम घरीच आदल्या दिवशी उरका. नेलकटर शिक्षकाच्या बॅगेत असलाच पाहिजे.

शिस्तभंगाची शिक्षा खेळागणिक ठरलेली आहे. कबड्डीत हिरवं कार्ड ताकीद देतं, पिवळं दोन मिनिटं बाहेर बसवतं आणि लाल कार्ड मिळालं की त्या सामन्यातून गच्छंती. फुटबॉलमध्ये दोन पिवळी मिळून लाल होतं आणि पुढचा सामनाही हुकतो. मुलांना हे फळ्यावर लिहून शिकवा. बाहेर पडल्यावर संघ किती जणांचा उरतो, हे त्यांनी स्वतः मोजावं.

सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे निकाल न पटल्याने संघ मैदान सोडून जाणं. तो निर्णय मुलं घेत नाहीत, बाहेर उभा असलेला कुणीतरी मोठा माणूस "चला रे, बाहेर या" म्हणतो. सामना गमावल्याची नोंद होते आणि संघावर पुढची कारवाई होऊ शकते. पंचांशी बोलायचं ते कर्णधाराने, तेही एकदाच. हरकत घ्यायची ती संघ व्यवस्थापकाने लेखी, ठरलेल्या वेळेत आणि ठरलेलं शुल्क भरून घ्यायची. पात्रतेवरच्या हरकतीला पुरावा लागतो. "आम्हाला माहीत आहे तो मोठा आहे" एवढ्याने भागत नाही. पंचांनी दिलेला गुण चुकीचा वाटला, या कारणावर हरकत सहसा टिकत नाही. पालकांनी दोरीच्या बाहेर राहावं, पंचांच्या टेबलाजवळ जाऊ नये आणि समोरच्या शाळेच्या मुलांना उद्देशून एक शब्दही बोलू नये. तेही कुणाचीतरी तेरा-चौदा वर्षांचीच लेकरं असतात.

पायरी ८: वजन आणि औषधं

कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंगला वजनगट असतात. वजन उतरवण्यासाठी मुलाला आदल्या दिवशी उपाशी ठेवणं, पाणी बंद करणं, स्वेटर घालून उन्हात पळवणं हे प्रकार थांबवलेच पाहिजेत. वाढत्या अंगातलं पाणी काढून घेतल्याने मूल चक्कर येऊन पडतं, मूत्रपिंडावर ताण येतो आणि कुस्तीत पहिल्याच मिनिटाला हात ढिले पडतात. मूल ज्या वजनाला सुखाने जेवतं, तो त्याचा गट. पालकांनी वजनाच्या दिवशी सोबत जेवणाचा डबा पाठवावा.

उत्तेजक म्हटलं की आपल्याला इंजेक्शन आठवतं, पण खोकल्याचं औषधही त्यात येऊ शकतं. आपल्याकडच्या कितीतरी कफ सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं आणि ते उत्तेजकांच्या जागतिक यादीत बंदी असलेलं द्रव्य आहे. क्रिकेटपटू पृथ्वी शॉला २०१९ मध्ये बीसीसीआयने आठ महिन्यांसाठी निलंबित केलं ते याच द्रव्यापायी. खोकल्यासाठी दुकानातून घेतलेलं औषध, असं त्याने सांगितलं होतं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. चुकून घेतलं, हे म्हणणं मान्य झालं तरी शिक्षा सुटली नाही, कारण अंगात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूचीच धरतात. स्पर्धेच्या काळात प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनाही बंदी आहे.

शाळकरी मुलाच्या पालकाने करायचं ते एवढंच. डॉक्टरांना आधी सांगा की मूल स्पर्धेत खेळतं. औषधाचं नाव नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) 'नो युवर मेडिसिन' या अ‍ॅपवर तपासा. दम्यासारखा आजार असेल आणि बंदी असलेलं औषध घ्यावंच लागत असेल तर उपचारासाठीची सवलत आधी मागता येते. औषध मात्र खेळापायी बंद करू नका. जिममधल्या कुणी दिलेला डबा, पावडर, वजन वाढवायचं चूर्ण यांपैकी काहीही अठराच्या आतल्या मुलाला देऊ नका. खेलो इंडियासारख्या स्पर्धांत नमुने घेतात. अल्पवयीन खेळाडूचा नमुना घेताना सोबत मोठं माणूस असणं हा त्याचा हक्क आहे, तो मागून घ्या.

पायरी ९: प्रवास, मुक्काम, सुरक्षितता

मुलींच्या संघासोबत शिक्षिका किंवा महिला व्यवस्थापक असल्याशिवाय पालकांनी संमतीपत्रावर सही करू नये. संमतीपत्रावर मुक्कामाचं ठिकाण, सोबतच्या शिक्षकांची नावं, परतीची तारीख आणि मुलाचा आजार किंवा अ‍ॅलर्जी लिहिलेली असावी. प्रशिक्षकाने कुठल्याही मुलाला एकट्याला खोलीवर बोलावू नये, मालिश तर अजिबात करू नये. काही वावगं घडल्याचं मूल सांगत असेल तर स्पर्धा, शाळेचं नाव, ढाल सगळं बाजूला ठेवून त्याचं ऐका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे अशी माहिती कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ती शाळेच्या आत मिटवायची गोष्ट नाही. मुलांनाही १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक पाठ असू द्या.

दुखापत झालीच तर दवाखान्याचे कागद आणि बिलं जपा. इयत्ता पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे, तिचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. डोक्याला मार लागलेलं मूल "बरं वाटतंय सर" म्हणालं तरी त्या दिवशी पुन्हा उतरवायचं नाही.

पायरी १०: खेळाबाहेरच्या स्पर्धा

विज्ञान प्रदर्शन, वक्तृत्व, नाट्य यांत वयापेक्षा इयत्ता पाहतात; विज्ञान प्रदर्शनात सहावी ते आठवी आणि नववी ते बारावी असे गट असतात. इथली खरी अट, काम मुलाचं स्वतःचं असण्याची. परीक्षक दोन प्रश्न विचारतात आणि प्रकल्प सरांनी केला की मुलीने, हे लगेच उघडं पडतं. बोनाफाईड आणि ओळखपत्र इथेही लागतं.

पायरी ११: प्रमाणपत्र हातात आल्यावर

मैदान सोडण्याआधी प्रमाणपत्रावरचं नाव, खेळ, वयोगट, क्रमांक आणि तारीख वाचा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. नंतर वर्षभर चकरा माराव्या लागतात. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांचा प्रस्ताव शाळेकडून जिल्हा क्रीडा कार्यालयात आणि तिथून शिक्षण मंडळाकडे जातो. कुठल्या पातळीला किती गुण, हे त्या वर्षीच्या परिपत्रकात पाहा आणि दहावीच्या वर्षी दिवाळीपासूनच शाळेकडे पाठपुरावा सुरू करा.

पुढे शासकीय नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी हेच प्रमाणपत्र पडताळणीला जातं. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघडकीला आल्यापासून पडताळणी बारकाईने होते. दहा वर्षांनी कुणी विचारलं, की ही स्पर्धा झाली होती का, तुमचं नाव यादीत होतं का, तेव्हा उत्तर देता यायला हवं. म्हणून मूळ प्रमाणपत्रासोबत प्रवेशिकेची प्रत, त्या वर्षीचं परिपत्रक, निकालपत्रकाची प्रत आणि वर्तमानपत्रातलं कात्रण एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. मूळ प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. मागच्या बाजूला शिक्का-सही घ्यायची वेळ आली तर अडचण होते. सगळ्याची स्कॅन प्रत आई किंवा वडिलांच्या ईमेलवर पाठवून ठेवा, आणि शाळेनेही प्रत्येक हंगामाच्या प्रवेशिकांचा गठ्ठा वर्ष लिहून, क्रीडा शिक्षकाची बदली झाली तरी सापडेल अशा जागी, कार्यालयातच ठेवावा.